मासा हलाल आहे, पण त्यानं खाल्लं काय?

सातारा-सांगलीच्या माणसासाठी समुद्र म्हणजे सहलीचा विषय. शाळेची सहल गणपतीपुळ्याला जाते, मुलं लाटांत भिजतात, येताना कोकम सरबताची बाटली येते, झालं. आपण घाटावरचे, आपला समुद्राशी काय संबंध, असं आपण धरूनच चालतो. नकाशा मात्र वेगळं सांगतो. आपल्या भागातलं पाणी एका नाही, दोन समुद्रांना जातं. महाबळेश्वरला उगवलेली कृष्णा वाई, कराड, सांगली करत कर्नाटक, तेलंगण ओलांडते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. कोयना कराडला तिच्यात येते खरी, पण तिचं बरंचसं पाणी तिथवर पोचतच नाही. पाटण तालुक्यातल्या शिवसागर जलाशयातून ते डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांनी पोफळीला उतरतं, वीज तयार करतं आणि वाशिष्ठी नदीत सुटतं. कृष्णा पाणीवाटप लवादानं असं पश्चिमेला वळवायला ६७.५ टीएमसी पाणी मंजूर केलेलं आहे. चिपळूणवरून ते दाभोळच्या खाडीत जातं आणि तिथून अरबी समुद्रात.

म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं पाणी दाभोळच्या खाडीत पोचतं. आणि त्या खाडीतलं काही ना काही कुंभार्ली घाट चढून परत आपल्याकडे येतं. कराडच्या, पाटणच्या, विट्याच्या आठवडी बाजारात सुकट, जवळा, बोंबील घेऊन बसलेल्या बायका कुणी पाहिल्या नाहीत? पावसाळ्यात भाजी महाग झाली की मुठभर सुकट आणि दोन कांदे, एवढ्यावर कितीतरी घरांचं जेवण निघतं. त्यात आपली घरं बरीच.

या माशाबद्दल आपल्यात एकच प्रश्न विचारला जातो: चालतो का? त्यावर चर्चाही भरपूर. आम्ही घाटावरचे बहुतेक हनफी, कोकणातले शाफई. कोळंबी मासा की किडा, खेकडा खावा की नाही, कालवं आणि तिसऱ्यांचं काय, यावर लग्नाच्या पंगतीत तासभर वाद ऐकलेले आहेत. कोकणातली सून घाटावर आली की पहिल्या महिन्यात हा विषय निघतोच. मासा जिबह करावा लागत नाही, समुद्राचं पाणी पाक आणि त्यातलं मेलेलंही हलाल, हे मदरशातलं लहान पोरही सांगतं. पण हलालला जोडून कुरआनात जो दुसरा शब्द येतो, ‘तय्यब’, म्हणजे चांगलं, निकोप, अंगाला मानवणारं, तो आपण उच्चारतो आणि पुढे जातो. मला या लेखात त्या दुसऱ्या शब्दापाशी थांबायचं आहे.

आधी एक फरक स्पष्ट करते, कारण वर्तमानपत्रात तो नेहमी गोंधळलेला असतो. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. नदीच्या कडेनं पांढरी पोटं वर केलेले मासे, नाकाला रुमाल लावून बघणारी माणसं, ते फोटो सगळ्यांनी पाहिले. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. असं आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी होतं. मळीमिश्रित पाणी किंवा शहराचं सांडपाणी (सांगलीकरांना शेरी नाला वेगळा सांगायला नको) नदीत आलं, की ते कुजवणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. हे वाईटच. पण ते दिसतं, त्याचा वास येतो, त्यावर मोर्चा निघतो. शिवाय पाऊस आला, पाणी वाहिलं, की प्राणवायू परत येतो.

दुसऱ्या प्रकारात मासा मरत नाही. चांगला पोहतो, वाढतो, जाळ्यात येतो, बाजारात चमकतो. त्याच्या चरबीत किंवा मांसात मात्र काहीतरी साठलेलं असतं. पारा, शिसं, कॅडमियम यांसारखे धातू कुजत नाहीत, कारण कुजायला त्यांच्यात काही नसतंच. डीडीटी, बीएचसी यांसारखी जुनी कीटकनाशकं कुजतात, पण इतकी सावकाश की माणसाचं आयुष्य निघून जातं. ती पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. मग पाण्यातून ती शेवाळात जातात, शेवाळ खाणाऱ्या बारीक जीवांत, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत, त्यांना गिळणाऱ्या मोठ्या माशांत. प्रत्येक पायरीवर खाणारा हजारो घास खातो. अन्न पचतं, हे पचत नाही, बाहेरही जात नाही. साठत राहतं.

किती साठतं याचा एक आकडा बारावीच्या जीवशास्त्राच्या एनसीईआरटी पुस्तकात होता. पाण्यात डीडीटी ०.०००००३ पीपीएम, म्हणजे मोजायलाही अवघड. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांत ०.०४. लहान माशांत ०.५. मोठ्या माशांत २. आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत २५. पाण्यापासून पक्ष्यापर्यंत भागाकार करून पाहा, ८३ लाख पट होते. अशा पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ होतात की उबवायला बसलेल्या मादीच्या वजनानंच ती फुटतात. ‘पुस्तकात होता’ असं म्हटलं, कारण २०२२ मध्ये अभ्यासक्रम हलका करताना पर्यावरणाच्या प्रश्नांचं ते प्रकरणच वगळलं गेलं. मी भाषा शिकवणारी बाई, विज्ञानाची नाही. पण मुलांच्या दप्तरातून नेमकं काय हलकं झालं, हे कळायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

आता फिकहकडे येते. फिकहमध्ये एक शब्द आहे, ‘जल्लाला’. जे जनावर घाण खाऊन वाढतं, ते जल्लाला. मग ती उकिरड्यावरची कोंबडी असो नाहीतर गाय किंवा उंट. अशा जनावराचं मांस खायला आणि दूध प्यायला हदीसमध्ये मनाई आली आहे. हनफी आणि शाफई उलेमा बहुतांशी त्याला मकरूह धरतात, हंबली मत अधिक कडक. इथं लक्षात घ्या, जनावर हलालच आहे, जिबह नीट झालेलं आहे, तरीही प्रश्न आहे, आणि तो त्यानं काय खाल्लं हा आहे. चौदाशे वर्षांपूर्वी, प्रयोगशाळा नसताना, एवढं ओळखलेलं होतं की जनावराच्या पोटात गेलेलं त्याच्या मांसात आणि दुधात उतरतं. त्यावरचा इलाजही सांगितला आहे: त्याला बांधून ठेवा, स्वच्छ चारा घाला, मग खा. हजरत इब्ने उमर कोंबडीला तीन दिवस कोंडून ठेवत, असं येतं. मोठ्या जनावरांना त्याहून जास्त दिवस. आमच्याकडच्या जुन्या बायका गावरान कोंबडी बाजारातून आणली की लगेच कापू देत नसत, दोन-तीन दिवस पाटीखाली ठेवून ज्वारी खायला घालत. त्यांना ‘जल्लाला’ हा शब्द माहीत नसेल, रीत माहीत होती.

मासा जल्लाला होतो का, यावर मतं वेगवेगळी आहेत आणि ती सोडवायची माझी पात्रता नाही. शिवाय कुणी म्हणेल की पारा किंवा कीटकनाशक ही काही ‘नजासत’ नव्हे. मान्य. नजासत नसेल, जरर आहे, इजा आहे, आणि जररचा नियम फिकहमध्ये नजासतीहून हलका नाही. माझा मुद्दा एवढाच, की खाणाऱ्यानं ‘याला काय खायला घातलं’ हे विचारणं आपल्या परंपरेत आगंतुक नाही. ते इंग्रजी शिकलेल्या पर्यावरणवाल्यांचं खूळही नाही.

पाण्याचं तसंच. मोठ्या साठ्यातलं किंवा वाहतं पाणी नापाक कधी ठरतं? त्यात नजासत पडून त्याचा रंग, वास किंवा चव बदलली की. वजूचे नियम शिकताना हे आपण सगळे शिकलो. शेरी नाल्याचं पाणी या कसोटीवर लांबूनच नापास होतं. पण वर सांगितलेली रसायनं पाण्याचा रंग बदलत नाहीत, वास नाही, चव नाही. ‘पाक’ आणि ‘साफ’ हे दोन शब्द आपण एकाच दमात म्हणतो, मात्र त्यांच्यात आता बरंच अंतर पडलं आहे.

खाडीत हे जास्त का साठतं, तेही बघायला हवं. नदी वाहते तोवर गाळ तिच्याबरोबर पळतो. खाडीत भरतीचं खारं पाणी समोरून येतं, प्रवाह मंदावतो, खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि खाली बसतात. विषारी धातू आणि कीटकनाशकं बहुधा याच बारीक कणांना चिकटून आलेली असतात. त्यात कोकणात खारफुटी. तिच्या मुळांचं जाळं गाळ धरून ठेवतं. तो काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा चिखल पाहिला असेल, त्यात प्राणवायू नसतो, गंधक भरपूर असतं, आणि धातू त्यात बांधले जातात. एका अर्थी खारफुटी समुद्राची राखणच करते. पण चिखल उपसला, खारफुटी तोडली, की बांधलेलं सुटतं. आणि पारा असेल तर त्याच बिनप्राणवायूच्या उबदार चिखलातले जीवाणू त्याचा मिथाइल पारा करतात, जो मूळ पाऱ्याहून कितीतरी सहज शरीरात शिरतो. थंड देशांपेक्षा आपल्या हवेत हे काम वेगानं होतं. मुंबईजवळच्या उल्हास नदीच्या खाडीत पाऱ्याचा असा साठा शास्त्रज्ञांनी नोंदवलेला आहे. तो तिथं क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कारखान्यांतून आला.

आपला पाऊसही यात आहे. वर्षभर शेतात, गटारात, कारखान्याच्या आवारात जे साचतं ते जून-जुलैच्या एका धुव्वाधार आठवड्यात खाली जातं. २०१९ मध्ये सांगलीत पाणी घुसलं, २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि सांगली दोन्ही बुडाले. पूर ओसरल्यावर घराघरांत जो वीतभर चिखल होता, तो आपण फावड्यानं ओढून काढला, फिनेल टाकलं आणि विसरलो.

दाभोळच्या खाडीची गोष्ट नवी नाही. खेड तालुक्यातली लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांची आहे, आणि तिचं सांडपाणी, प्रक्रिया होऊन म्हणा किंवा न होता म्हणा, या खाडीत येतं. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीनं २०११ च्या अहवालात लोट्यावर सविस्तर लिहिलं आहे. त्यात एक हिशेब आहे जो मला विसरता येत नाही: वसाहतीत ११,००० लोकांना रोजगार, आणि प्रदूषणानं मासळी घटल्यामुळे मच्छीमारांच्या म्हणण्याप्रमाणे २०,००० लोकांचा रोजगार गेला. त्याच अहवालात असंही आहे, की ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात जमावबंदीचे आदेश तब्बल १९१ दिवस लागू होते. विकास हवा की पर्यावरण, असा प्रश्न टीव्हीवर विचारणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. त्या खाडीवर जगणारे लोक म्हणजे भोई, खारवी, दालदी मुसलमान. दाभोळला पाण्यालगत आदिलशाही काळातली देखणी मशीद उभी आहे, पर्यटक तिचे फोटो काढतात. त्या मशिदीच्या समोरच्या पाण्यात काय आहे, हा प्रश्न मशिदीच्या डागडुजीएवढा तरी आपला असायला हवा.

बोट दुसऱ्याकडे दाखवून झालं. आता आपल्या घाटावरचं.

सांगली जिल्ह्यात तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरज हा द्राक्षाचा पट्टा. द्राक्ष आणि बेदाण्याच्या व्यापारात बागवान मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. द्राक्ष हे नाजूक पीक. छाटणीपासून काढणीपर्यंत फवारण्या सुरूच. डाऊनी आला फवारा, भुरी आली फवारा, ढग आले तरी फवारा. सगळ्यात जुनं औषध बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबं. इतर कुठलं औषध कुजेल, तांबं कुजत नाही. वर्षानुवर्षं मारलेलं तांबं बागेच्या मातीत बसून राहतं आणि माती धुपली की तिच्यासोबत ओढ्यात जातं. माणसाला थोडं तांबं लागतंच. मासे आणि शिंपले यांना मात्र ते थोडक्यातही बाधतं.

त्याआधीची पिढी आठवा. बीएचसी पावडर प्रत्येक शेतात होती, घरात मुंग्यांनाही तीच. डीडीटी मारायला हिवतापाची माणसं यायची, भिंतीवर तारीख लिहून जायची. शेतीतल्या डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली, बीएचसीवर १९९७ मध्ये. बंदी आल्यावर पिशवी मिळायची थांबते, मातीत गेलेलं निघून जात नाही. कृष्णेवर बंधारेच बंधारे, सांगलीचा आहे, म्हैसाळचा आहे. प्रत्येक बंधाऱ्यामागं गाळ बसतो. पुढं अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं. कृष्णेतलं सगळंच बंगालच्या उपसागरात जातं असं नाही, वाटेत ठिकठिकाणी ठेव ठेवत जातं. पहिली ठेव आपल्याकडे. आणि तेच पाणी म्हैसाळ योजनेनं उचलून कवठेमहांकाळ, जतच्या दुष्काळी शिवारात जातं, जिथं लोकांनी त्याची कित्येक वर्षं वाट पाहिली.

या द्राक्षातच एक धडा आहे. २०१० मध्ये युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. आपले बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात, वेलीची वाढ आवरायला वापरतात. माल बंदरांत अडकला, शेतकरी आणि व्यापारी बुडाले. गंमत अशी की इथून निघताना त्याच द्राक्षांची तपासणी झालेली होती. तपासायच्या औषधांच्या यादीत हे नाव नव्हतं, म्हणून ते सापडलं नाही. नंतर यादी वाढली, नियम कडक झाले. आज युरोपला जाणाऱ्या घडाची बाग नोंदवलेली असते, नमुना प्रयोगशाळेत जातो, शेकडो औषधांचे अंश त्यात शोधले जातात. निर्यातीच्या कोळंबीचीही अशीच झडती होते. मिरजेच्या मंडईतल्या घडाची, कराडच्या बाजारातल्या सुकटीची, अंकलीच्या पुलाखाली पकडलेल्या चिलापीची झडती कोण घेतं? रॉटरडॅमच्या माणसाचं यकृत आपल्यापेक्षा नाजूक असतं असं कुठं वाचण्यात आलेलं नाही.

कुणी म्हणेल, प्रदूषण मंडळ पाणी तपासतं की. तपासतं, आणि त्याचे आकडे संकेतस्थळावर टाकतं. पण पाण्याची प्रत ‘चांगली’ की ‘वाईट’ हे तो निर्देशांक प्रामुख्यानं आम्लता, विरघळलेला प्राणवायू, जैविक ऑक्सिजन मागणी आणि मैलाजन्य जीवाणू यांवर ठरवतो. म्हणजे वर सांगितलेला पहिला प्रकार, मासे मारणारा. दुसरा प्रकार त्यात पकडला जाणारच नाही, कारण तो पाण्यात शोधायचा नसतो. पाण्यात तो नगण्य असतो आणि अहवाल ‘मर्यादेच्या आत’ असा येतो. तो गाळात शोधावा लागतो, शिंपल्यात, म्हाताऱ्या मोठ्या माशात, मगरीच्या न उबलेल्या अंड्यात. मगरी भिलवडीपासून सांगलीपर्यंत कृष्णेत आहेत आणि वाशिष्ठीतही आहेत. दोन्हीकडे दीर्घायुषी, दोन्हीकडे अन्नसाखळीच्या टोकाला. कुठल्या नदीत काय साठलं आहे याची एवढी चांगली वही दुसरी मिळणार नाही. आपण मात्र ती फक्त कुणाला तरी ओढून नेल्यावर आठवतो.

जपानमधल्या मिनामाताचं उदाहरण सगळे देतात, मीही देते, पण त्यातल्या एका तपशिलासाठी. तिथल्या कारखान्याचा पारा खाडीत गेला, माशांतून आणि शिंपल्यांतून कोळ्यांच्या घरांत आला. आधी मांजरं झटके येऊन मेली, मग माणसं. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली, पारा सोडणं बंद झालं १९६८ मध्ये. मधली बारा वर्षं ‘पुरावा काय’ यात गेली. फारशी लक्षणं नसलेल्या बायकांना अपंग मुलं झाली, कारण आईच्या पोटातला पारा गर्भात उतरला होता. जपानमध्ये बाळाची वाळलेली नाळ डबीत जपून ठेवायची रीत आहे. पुढं त्या नाळा तपासल्या आणि कुठल्या वर्षी किती पारा होता त्याचा हिशेब त्यातून निघाला. आयांनी मायेनं ठेवलेली वस्तू कोर्टाच्या उपयोगाचा पुरावा व्हावी, याहून वाईट काय असेल.

चरबीत साठणाऱ्या रसायनांचंही असंच, फक्त वाट दुधाची. डॉल्फिनच्या मादीनं आयुष्यभर साठवलेलं पहिल्या पिल्लाच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतं, पुढच्यांना कमी. कोकण किनाऱ्यालगत डॉल्फिन दिसतात, पर्यटक बोटीतून टाळ्या वाजवतात. माणसाच्या बाबतीतही भारतात आईच्या दुधात डीडीटी आणि बीएचसीचे अंश गेली कित्येक दशकं नोंदवले गेले आहेत. हे वाचून कुणी बाळाला अंगावर पाजणं थांबवू नये. सगळे डॉक्टर सांगतात की त्याचे फायदे या धोक्याहून कितीतरी मोठे आहेत, आणि डब्यातली पावडर हा त्यावरचा उपाय नाही. तसंच मासे खाणं सोडा असंही मी म्हणत नाही. गरिबाच्या ताटात तेवढंच प्रथिन. जवळा, मांदेली असे लहान, कमी वयाचे मासे साखळीच्या खालच्या पायरीवरचे, त्यांच्यात पारा मोठ्या शिकारी माशांपेक्षा कमी साठतो. गरोदर बाईनं मुशी, सुरमईसारखे मोठे मासे रोज खाऊ नयेत, एवढं तरी आपल्या दवाखान्यांत कुणी सांगावं.

बंदीनं काही होत नाही असं मानणाऱ्यांसाठी गिधाडं. लहानपणी गावाबाहेर मेलेल्या ढोरावर गिधाडांचा थवा दिसायचा, आता मुलांना चित्र दाखवावं लागतं. भारत, पाकिस्तान, नेपाळ इथली गिधाडं नव्वद टक्क्यांहून जास्त संपली आणि बरीच वर्षं कारण कळत नव्हतं. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून ते सापडलं: जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. भारतानं २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं. गिधाडं परत भरली नाहीत, पण घसरण मंदावली. म्हणजे मेलेल्या ढोराच्या मांसात काय होतं हे शोधता येतं, शोधल्यावर निर्णय होतो. शोधायची इच्छा लागते.

मी एका मुफ्तीसाहेबांना लेखी विचारलं होतं, की ज्या खाडीत कारखान्यांचं पाणी येतं तिथली कालवं आणि मासे खाण्याबद्दल शरई हुकूम काय. त्यांचं उत्तर मला आवडलं. ते म्हणाले, बाई, इजा होते असं खात्रीलायक माणसानं सांगितलं तर मी मना करीन, नुसत्या शंकेवर हलाल गोष्ट हराम करण्याचा मला हक्क नाही, तुमच्याकडे तपासणीचा कागद आहे का? माझ्याकडे नव्हता.

मागणी आहे ती या कागदाची. आणि ती फार महागडीही नाही. कालवं, तिसऱ्या, शिनाणे हे एका जागी बसून दिवसभर पाणी गाळत राहतात, पाण्यातलं जे काही असेल ते अंगात साठवतात. एडवर्ड गोल्डबर्ग नावाच्या शास्त्रज्ञानं १९७५ मध्ये सुचवलं की किनाऱ्यावर पहारा करायला हेच नेमा. अमेरिकेत १९८६ पासून सरकारी पातळीवर ते चालू आहे: ठरलेल्या जागा, ठरलेला मोसम, शिंपले काढायचे, तपासायचे, आकडे जाहीर करायचे. आपल्याकडे समुद्रविज्ञान संस्था गोव्यात आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीत आहे, द्राक्षांचे अंश तपासणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यात आहे. यंत्रं आहेत, माणसं आहेत, नमुना कुणाचा तपासायचा एवढंच बदलायचं आहे.

कोकणातल्या जमातींनी दाभोळ खाडीची कालवं आणि तिथला चिखल मागावा. आपण कृष्णेचा गाळ: वाईचा एक, कराडच्या प्रीतिसंगमाचा एक, सांगलीच्या बंधाऱ्याचा, म्हैसाळचा. वर्षातून दोनदा, मे महिन्यात पावसाआधी आणि नोव्हेंबरात पावसानंतर. पारा, शिसं, कॅडमियम, तांबं, आणि जुन्या-नव्या कीटकनाशकांची यादी, ती बाहेर कुणी अडकवल्यावर वाढवायची नाही. निकाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि मशिदीच्या नोटीस बोर्डावर. अर्ज जिल्हाधिकारी आणि प्रदूषण मंडळाच्या नावे, माहिती अधिकाराचा एक वेगळा. मसुदा मी मराठीत आणि उर्दूत करून ठेवला आहे. जुम्याला तुमच्या मशिदीबाहेर सह्या घ्यायला कुणी टेबल मांडणार असेल तर कळवा, प्रती पाठवते.